खोळंबा नेमका कोठे?

कचेरीतील कारकून पत्र लिहून पाठविण्याची कळ दाबतो आणि पडदा निश्चल राहतो. दहा सेकंद जातात, वीस जातात. मग एकाएकी पत्र क्षणार्धात रवाना होते. दिवसातून अनेकवार असे घडले, की माणसाचा धीर सुटतो. कोणी तारेला दोष देतो, कोणी नवा सर्व्हर घेण्याचा आग्रह धरतो. पैसा खर्च होतो. खोळंबा मात्र होता तसाच राहतो.

वस्तुतः पुष्कळदा मेल-सर्व्हर मंद नसतोच. तो तिसऱ्याच कोणाच्या उत्तरासाठी थांबलेला असतो. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली शब्दबद्ध केलेल्या एसएमटीपीच्या नियमांप्रमाणे जोडणी होताच पहिला शब्द सर्व्हरने बोलावयाचा असतो. २२० या आकड्याने सुरू होणारी स्वागताची ओळ आल्यावाचून पत्र पुढे करता येत नाही. परंतु स्वागतापूर्वी सर्व्हर आगंतुकाची चौकशी करतो. त्याच्या आकडी पत्त्याचे नाव काय, हे तो डीएनएस या नामसूचीस विचारतो. सूचीचे यंत्र बंद असेल वा त्याचा पत्ता चुकीचा नोंदलेला असेल, तर उत्तरच येत नाही. लिनक्सवर सामान्यतः ५ सेकंद वाट पाहून प्रश्न पुन्हा विचारला जातो. म्हणजे १० सेकंद तेथेच गेले.

काही जुने सर्व्हर आणखी एक प्रश्न करतात. आगंतुकाच्याच यंत्राला ११३ क्रमांकाच्या पोर्टवर ते वापरणाराचे नाव विचारतात. वाटेतील फायरवॉल हा प्रश्न नुसता गिळून टाकते. तिने स्पष्ट नकार दिला असता, तर सर्व्हर तत्काळ पुढे गेला असता. मौनापुढे मात्र त्याला मुदत संपेपर्यंत थांबावे लागते.

परीक्षा सोपी आहे. घड्याळ समोर ठेवून, सर्व्हरचा आकडी पत्ता देऊन, टेलनेटने २५ वा ५८७ क्रमांकाच्या पोर्टशी जोडणी करावी. जोडणीच उशिरा झाली, तर दोष मार्गात शोधावा. ती तत्काळ होऊन २२० ची ओळ रेंगाळली, तर दोष बहुधा चौकशीत आहे. ओळही वेळेवर येऊन पत्र रखडले, तर डिस्क किंवा विषाणूंची तपासणी पाहावी. आकडी पत्त्याने सारे सुरळीत आणि नावाने विलंब, असे झाल्यास कारकुनाच्याच संगणकाची नामसूची तपासावी.

दोष चौकशीत आढळल्यास नामसूचीचा पत्ता दुरुस्त करावा, कचेरीतील यंत्रांची नावे तीत नोंदवावी, ११३ वरील विचारणा बंद करावी. बाहेरून येणाऱ्या पत्रांपुरती नावाची चौकशी मात्र सरसकट काढू नये. नको असलेली पत्रे ओळखण्यास तिचा उपयोग होतो. काही सर्व्हर तर याच हेतूने स्वागत मुद्दाम लांबवितात. तेव्हा तशी योजना आहे काय, हे आधी पाहावे.

यांपैकी एकाही उपायास नवे यंत्र लागत नाही. खर्चाचा कागद पुढे करण्यापूर्वी पाच मिनिटे घड्याळाकडे पाहिले, तरी पुष्कळ कचेऱ्यांचे काम भागेल.