सात सांगाड्यांची लढाई

लहानपणी बाबांनी मला वसईहून आगगाडीने मुंबईस नेऊन ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’ (१९६३) दाखवला. भल्यामोठ्या पडद्यावर सात सांगाडे तलवारी उपसून धावले नि मी डोळेच मिटले. रात्री तापाने फणफणले. आजीने बाबांना बोल लावले. माझा सिनेमा बंद झाला तो थेट लग्नापर्यंत!

ते सांगाडे रे हॅरीहाउसेनने हाताने तसूतसूने हलवले, एका लढाईस साडेचार महिने लागले, हे पुष्कळ उशिरा वाचले. आपल्या दादासाहेब फाळक्यांनीही रोज थोडेथोडे चित्रण करून वाटाण्याचे रोप वाढताना दाखवले होते. आणि घरचे आवरून फिल्मला भोके पाडीत बसत त्या सरस्वतीबाई!

परवा नातीने भिंतीवर चादर ताणून तोच चित्रपट लावला. सांगाडे उठले. मी तिचा हात धरला, पण डोळे मिटले नाहीत. बाबा मात्र शेजारी नव्हते.