‘आधी’चा फोटो



मी बचत गटांची समन्वयक. गटाच्या बैठका, इतिवृत्ताची वही, बँकेचे कागद यांतच माझा दिवस जातो. या कार्यक्रमात मी नेहमी हप्ते आणि व्याज यांवर बोलते. आज मात्र एका फोटोबद्दल बोलणार आहे. हा फोटो आम्ही काढणार होतो, पण काढला नाही.

मागच्या वर्षी वरून निरोप आला की प्रत्येक गावातून एक यशोगाथा पाठवा, सोबत ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो जोडा. चांगल्या यशोगाथांची पुस्तिका निघणार होती. मी आमच्या गटातल्या एका मावशींचं नाव काढलं. त्यांनी गटातून वीस हजारांचं कर्ज घेऊन दोन शेळ्या घेतल्या होत्या. आज त्यांच्या दावणीला चार शेळ्या आहेत. मजकूर मी रात्रीत लिहून टाकला. ‘गटामुळे मावशींच्या जीवनात प्रकाश आला’ हे त्यातलं शेवटचं वाक्य. बी. ए. झालेली बाई मी, अशी वाक्यं मला झोपेतही सुचतात.

फोटो काढायला गटातल्याच एका वहिनींची मुलगी बरोबर घेतली. ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिचा मोबाईल चांगला आहे. मावशींचा ‘नंतर’चा फोटो शेळ्यांसोबत झाला. ‘आधी’चा जुना फोटो मात्र कुणाकडेच नव्हता. मी म्हटलं, “मावशी, एखादं जुनं, फाटकं लुगडं असेल तर नेसा आणि त्या पडक्या गोठ्यापुढं उभ्या राहा.” मावशी काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, लुगडं बदलून आल्या आणि खाली मान घालून उभ्या राहिल्या.

पोरीनं मोबाईल वर धरला आणि परत खाली घेतला. म्हणाली, “ताई, हा फोटो आजचाच ना? मग त्याच्याखाली ‘आधी’ असं कसं लिहायचं?”

मला राग आला. मी म्हटलं, “अगं, सगळेच असं करतात. गरिबी तर खरीच होती ना?”

तेव्हा मावशी बोलल्या, “गरिबी खरी होती गं बाई. पण फाटकं नेसून मी कधी दारात उभी राहिले नाही. एक वेळ उपाशी राहिले असेन, लुगडं धुतलेलंच नेसले.”

मैत्रिणींनो, त्यापुढं माझ्याकडं बोलायला काही उरलं नाही. आम्ही तशाच परत आलो.

वाटेत ती पोरगी कॉलेजात केलेल्या एका प्रकल्पाबद्दल सांगायला लागली. विषय होता, चित्र आपल्याला कसं पटवतं. तिनं त्यासाठी एक जगप्रसिद्ध फोटो घेतला होता. 1936 साली अमेरिकेत मोठी मंदी होती. कॅलिफोर्नियात निपोमो नावाच्या ठिकाणी वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ पडला होता आणि पीक थंडीनं गेलं होतं. आपल्याकडं ऊसतोडीवाल्यांची पालं असतात, तशाच एका पालात एक बाई लेकरांना घेऊन बसली होती. डोरोथिया लँग नावाच्या बाई तेव्हा सरकारी खात्यासाठी फोटो काढत फिरत. त्यांनी या बाईचे काही फोटो काढले. त्यातला एक सगळ्या जगानं पाहिला. दोन पोरं आईच्या खांद्यावर तोंड लपवून आहेत, एक मांडीवर आहे आणि आई गालाला हात लावून दूर बघते आहे. फोटो छापून आल्यावर त्या तळावर सरकारकडून अन्नधान्य पोचलं. फोटोनं काम केलं हे खरंच आहे.

पण लँगबाईंनी तिचं नाव विचारलं नव्हतं. या कुटुंबानं पोटासाठी गाडीचे टायरसुद्धा विकले, असं त्यांनी पुढं लिहिलं. घरची माणसं म्हणाली की तसं काही झालंच नव्हतं. मदत पोचली तोवर ते कुटुंब तिथून पुढं निघून गेलं होतं. त्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे लोकांना कळायला 1978 साल उजाडलं. तेव्हा त्यांनी बोलून दाखवलं की तो फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, आपल्याला त्यातून एक पैसाही मिळाला नाही. पुढं म्हातारपणी त्या आजारी पडल्या, तेव्हा तोच फोटो आठवून अनोळखी लोकांनी पैसे आणि पत्रं पाठवली. ती पत्रं वाचून मुलांच्या मनातली अढी कमी झाली म्हणतात. म्हणजे तो फोटो वाईटच, असंही म्हणता येत नाही.

पोरीनं मला तिची वही वाचायला दिली. शेवटच्या पानावर तिनं लिहिलं होतं की कॅमेरा कुणाचाही असो, दुःख ज्याचं आहे त्याला आधी विचारलं पाहिजे. खाली मुक्ता साळव्यांचं नाव होतं. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली ही विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ते दुःख तिच्याच समाजाचं होतं आणि लिहिणारीही तीच होती.

पुढच्या बैठकीत आम्ही त्या पोरीला बोलावलं. तिनं मावशींना विचारून त्यांच्याच घराचे दोन फोटो काढून आणले होते. दोन्ही एकाच दिवशी, पाच मिनिटांच्या अंतरानं काढलेले. एकात भिंतीची भेग आणि रिकामी घागर. दुसऱ्यात सारवलेलं अंगण आणि तुळस. बायांना विचारलं, “घर कुणाचं?” कुणीच ओळखलं नाही, दोन वेगळी घरं वाटली. मग तिनं समजावलं. वरून फोटो काढला की माणूस बापुडवाणा दिसतो, खालून काढला की रुबाबदार. फोटोत काय आहे ते बघाच, पण काय बाहेर ठेवलंय तेही विचारा. फोटोखालची ओळ कुणी लिहिली, फोटो कधीचा, तेही विचारा. एक वहिनी पटकन म्हणाल्या, “म्हणजे कर्जाच्या जाहिरातीतली ती हसरी बाई!” सगळ्या हसल्या, पण मुद्दा पोचला.

मग यशोगाथा आम्ही मावशींसमोर बसून पुन्हा लिहिली. त्या सांगत गेल्या, पोरगी लिहीत गेली. माझ्या मजकुरात नसलेली एक गोष्ट त्यात आली. पहिल्या पावसाळ्यात दोनातली एक शेळी मेली होती. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचायची राहिली होती. विमाही काढला नव्हता. पाच महिने मावशींनी खुरपणीला जाऊन हप्ते फेडले, एकही चुकवला नाही. उरलेल्या शेळीच्या करडांवर आजचा कळप उभा आहे. हे सगळं मला माहीत होतं, बरं का. इतिवृत्ताच्या वहीत माझ्याच अक्षरात होतं. यशोगाथेत शोभणार नाही म्हणून मी ते गाळलं होतं.

फोटो एकच पाठवला. धुतलेलं लुगडं नेसलेल्या मावशी, बाजूला शेळ्या, खाली तारीख. पुस्तिकेसाठी ती निवडली गेली नाही. जरा साधीच वाटते, असं मला सांगण्यात आलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण तीच यशोगाथा आम्ही ग्रामसंघाच्या बैठकीत वाचली. शेळीसाठी कर्ज मागणाऱ्या दोघी जणी तिथं होत्या. त्यांनी लगेच विचारलं, विमा कुठं काढतात, कानातला बिल्ला कोण मारतं, लस कधी टोचायची? माझा पहिला मजकूर ऐकला असता तर त्या नुसत्या टाळ्या वाजवून घरी गेल्या असत्या आणि माझ्या शब्दावर विसंबून कर्ज काढून बसल्या असत्या. शेळी मेली असती तर हप्ता त्यांनाच भरायचा होता, मला नाही.

आमच्या गटानं आता ठराव केला आहे. कुणाचाही फोटो तिला विचारल्याशिवाय काढायचा नाही. फोटोखाली खरी तारीख लिहायची. तिच्याबद्दलचा मजकूर पाठवण्याआधी तिला वाचून दाखवायचा. आणि नफा लिहिला तर तोटाही लिहायचा. ठरावाखाली पहिला अंगठा मावशींचा आहे.

तुमच्याही गटात यशोगाथा लिहायची वेळ येईल. तेव्हा जिची गोष्ट आहे तिला शेजारी बसवा आणि आधी तिचं ऐका.