निकाल आणि समेट



मराठीत ‘निकाल’ आणि ‘समेट’ असे दोन शब्द आहेत. निकाल तिसरा माणूस देतो. समेट भांडणाऱ्या दोघांनाच करावा लागतो.

मे १९६० मध्ये विनोबा चंबळच्या खोऱ्यात पायी हिंडले आणि २० बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. त्या बागींवर पुढे रीतसर खटले चालले. समेट म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण घालणे नव्हे. ज्यांची घरे उजाड झाली त्यांचे काय, हा प्रश्नही रास्तच होता. शस्त्र खाली ठेवणे ही समेटाची केवळ पहिली पायरी. पुढे जुलैत विनोबा आपल्या इंदूरला आले; १५ ऑगस्टला येथे विसर्जन आश्रमाची स्थापना झाली.

हे सारे मला पाठ होते. तरीही उमेदीच्या काळात माझ्या वर्गातील दोघांची मारामारी झाली, तेव्हा ज्याचा हात उगारलेला दिसला त्याला मी बाहेर काढले. निकाल पाच मिनिटांत लागला. तो मुलगा पुन्हा वर्गात आला नाही. कित्येक वर्षांनी दुसरा भेटला आणि म्हणाला, ‘‘सर, आगळीक माझी होती. आपण विचारलेच नाही.’’

म्हणून या शाळेकडे माझे एवढेच मागणे आहे. मुले भांडली, तर त्यांना आधी समोरासमोर बसवा. काय घडले, कोण दुखावले आणि ते भरून कसे काढायचे, हे त्यांनाच विचारा. शिक्षेचा विचार त्यानंतर. त्या मुलाची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.