लाट, पाट आणि पाहुणा

(एका उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



परदेश प्रवास म्हटला की आपल्या मध्यमवर्गीय घरांत दोन प्रश्न हमखास विचारले जातात. खर्च किती आला, आणि जेवणाचे काय केलेत? खर्चाचा हिशेब मी शेवटी देणारच आहे. जेवणाचे उत्तर सोपे आहे. इंडोनेशियात शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, कारण सोयाबीनचे तेंपे आणि टोफू हे तेथील गरिबाघरचे रोजचे अन्न आहे. मिरचीच्या ठेच्यात वाटलेली कोळंबी घातली आहे का, एवढे मात्र आधी विचारून घ्यावे.

मार्च २०२३ मध्ये माझे पती आणि मी २१ दिवस जावा, बाली आणि लोंबोक या तीन बेटांवर हिंडलो. दोघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. सोबत यात्रा कंपनी नाही, पाठीवर एकेक पिशवी, आणि मनात वयाला जरा न शोभणारी एक इच्छा, समुद्राच्या लाटेवर फळी घेऊन उभे राहण्याची. काटकसर हा आमचा नाइलाज होता. परंतु तिच्यामुळे जे दिसले, ते पैसे अधिक असते तर दिसले नसते, असे आज मला वाटते.

बालीला जाणारे बहुतेक भारतीय थेट तेथील विमानतळावर उतरतात. आम्हाला पूर्व जावातील सुरबायाचे तिकीट स्वस्त मिळाले. तेथून रेल्वेने दिवसभराचा प्रवास करून केतापांग गाठले. स्थानकापासून बोटीचा धक्का चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि समोर बाली दिसत असते. सामुद्रधुनी अरुंद जागी अडीच किलोमीटरही रुंद नाही, पण प्रवाहाला ओढ फार, त्यामुळे बोट पाऊण ते एक तास घेते. पलीकडे गिलिमानुकला उतरताना घड्याळही एक तास पुढे करावे लागते. बोटीत मालमोटारी, दुचाक्या आणि कामावर परतणारे जावाचे बांधकाम मजूर होते. बालीतील हॉटेले आणि बंगले बांधणारे बरेचसे हात हेच. विमानाने येणाऱ्या पाहुण्याची त्यांच्याशी गाठ पडत नाही.

आता लाटांविषयी. लाट किनाऱ्यावर जन्माला येत नाही. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला, जेथे वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, तेथील वादळांत ती उठते आणि हजारो किलोमीटर चालत येऊन या बेटांच्या दक्षिण किनाऱ्यावर फुटते. तळाशी प्रवाळ असेल तर ती रेखीव फुटते, पण पडणाऱ्याचे अंग सोलून निघते. वाळू असेल तर नवशिक्याला बरे. म्हणून आम्ही कुटाची वाळू निवडली.

या कुटाचा इतिहास एका जोडप्यापासून सुरू होतो. रॉबर्ट आणि लुईझ कोक या अमेरिकन दांपत्याने १९३६ मध्ये येथे गवती छपराच्या झोपड्यांचे हॉटेल काढले. हवाईत शिकलेली लाटेवरची विद्या रॉबर्ट कोक यांनी या किनाऱ्यावर आणली. १९४२ मध्ये जपानी सैन्य आले आणि सारे मोडले. पुढे १९७२ च्या ‘मॉर्निंग ऑफ द अर्थ’ या ऑस्ट्रेलियन चित्रपटात उलुवातूच्या कड्याखालची लाट जगाने पाहिली, आणि तरुणांचे लोंढे सुरू झाले. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली हा खेळ प्रथम आला, तेव्हा इंडोनेशियाचा रिओ वाइदा त्यात उतरला होता. ८५ वर्षांत पाहुण्याचा खेळ घरचा झाला.

आमचा शिक्षक विशीतला मुलगा होता. त्याने पहिला अर्धा तास पाण्यात जाऊच दिले नाही. वाळूवर फळी आखून त्यावर पालथे निजायचे, हात टेकून एका झेपेत उभे राहायचे, पुन्हा निजायचे. सूर्यनमस्कारांची सवय येथे कामी आली, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. दुसरी शिकवण ओढीची. किनाऱ्यावरून समुद्रात परतणारा प्रवाह माणसाला आत नेतो, तेव्हा त्याच्याशी झुंजायचे नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकायचे. आपल्या कोकणात दरवर्षी सहलीला आलेली तरुण मुले बुडतात. एवढी एक गोष्ट शाळेत शिकवली तर त्यांतील काही घरी परततील.

मी चौथ्या दिवशी उभी राहिले. चार-पाच सेकंद असतील. त्या सेकंदांचे वर्णन करण्याचा मोह आवरते, कारण त्याच लाटेबरोबर माझ्या दंडाला एक प्लास्टिकची पिशवी येऊन चिकटली. पावसाळी महिन्यांत पश्चिमेचा वारा कुटाच्या किनाऱ्यावर कचऱ्याचे ढीग आणून टाकतो. त्यातील बराचसा बेटावरच्याच नद्या समुद्रात ओततात. एकदाच वापरायच्या पिशव्यांवर बालीने २०१९ मध्ये बंदी घातली, पण नदीला बंदी वाचता येत नाही.

तेथून आम्ही ताबानान जिल्ह्यातील एका खेड्यात गेलो आणि एका शेतकऱ्याच्या घरी खोली घेतली. घरमालकाचे नाव वायान. बालीत थोरल्या मुलाला बहुधा हेच नाव, त्यामुळे त्यांची ओळख उघड होण्याचे भय नाही! अंगणात देवघरे, मागे भाताची खाचरे. माझे माहेर मालवण तालुक्यातले. वायंगणाच्या भाताला पाटाचे पाणी पाळीने घेणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. म्हणून वायान यांच्या खाचरात पाणी कोठून येते, हा प्रश्न मी पहिल्याच संध्याकाळी विचारला.

उत्तर देण्यास त्यांना दोन दिवस लागले. बालीत पाण्याचे वाटप ‘सुबक’ करते. एका पाटावरचे सारे शेतकरी म्हणजे एक सुबक. त्याचा प्रमुख निवडलेला असतो, सभा असते, दंड असतो, आणि प्रत्येक पाटाच्या मुखाशी देऊळ असते. अकराव्या शतकातील लेखांत या संस्थेचा उल्लेख आहे. १९७० च्या दशकात सरकारने अधिक पिकासाठी ज्याला जमेल तेव्हा पेरा असे सांगितले. पाळी मोडली, उंदीर आणि तुडतुडे माजले, पिके बसली. स्टीफन लान्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने पुढे संगणकावर मांडून दाखवले की देवळांनी ठरवलेली पाळीच उत्तम होती. सगळ्यांनी एकाच वेळी शेत पडीक ठेवले की किडीला खायला उरत नाही. २०१२ मध्ये युनेस्कोने ही व्यवस्था जागतिक वारशात घेतली.

वायान यांची अडचण मात्र वारशाच्या यादीने सुटणारी नव्हती. त्यांच्या वरच्या अंगाचे खाचर शेजाऱ्याने पंचवीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने बंगल्यासाठी दिले होते. परदेशी माणसाला तेथे जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही, भाडेपट्टा मिळतो. बंगल्याच्या कुंपणाने पाट वळवला आणि खालच्या चार घरांचे पाणी निम्म्यावर आले. आता वायान यांच्याकडेही दलाल येतो. मुलगा पाहुण्यांची गाडी चालवतो, तो म्हणतो, देऊन टाका. वायान म्हणतात, मी दिले तर माझ्या खालच्यांचे काय? सुबकच्या सभेत हा विषय तीनदा निघाला होता. मुलाला दोष देणे सोपे आहे. २००२ च्या ऑक्टोबरात कुटामध्ये बॉम्बस्फोटांत २०२ माणसे मेली आणि पाहुणे आटले; २०२१ मध्ये साथीमुळे परदेशी पाहुणे वर्षभरात शंभरसुद्धा आले नाहीत. भातावर घर चालत असते, तर तो गाडीकडे वळलाच नसता.

२२ मार्चला आपला गुढीपाडवा होता आणि बालीत ‘न्येपी’. दोन्हीकडे शक १९४५ सुरू झाले. असे दरवर्षी होत नाही. अधिक मासाचे गणित वेगळे असल्याने २०२४ मध्ये न्येपी महिनाभर आधी आली. त्यांच्या गलुंगान सणाला दारोदारी उभारतात तो सजवलेला बांबू पाहून गुढीशी नाते जोडण्याचा मोह आपल्याला होतो. मी तो करणार नाही. शक एक आहे, एवढे पुरेसे आहे.

पण नववर्ष साजरे करण्याची रीत पाहा! विस्तव नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळ २४ तास बंद, गिलिमानुकचा धक्का बंद, रस्त्यावर फक्त चौकटीचे वस्त्र नेसलेले गावरक्षक. समुद्रावरही कोणी जायचे नाही, मग लाट कितीही चांगली असो. पाहुण्यालाही सूट नाही. आदल्या दिवशी शिजवलेला भात आम्ही थंडच खाल्ला आणि संध्याकाळी दिव्यावाचून ओटीवर बसून राहिलो. इतका काळोख आणि इतक्या चांदण्या मी माहेर सुटल्यापासून पाहिल्या नव्हत्या. त्या शांततेत खाचरातून खाचरात उतरणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता, आणि वरच्या बंगल्याच्या पोहण्याच्या तलावाचा पंपही त्या रात्री बंद होता.

लोंबोकविषयी थोडक्यात सांगते. पादांगबाईहून बोट चार-पाच तास घेते. रमजान सुरू झालेला होता. तरीही गेरुपुक येथील सासाक कोळी रोजा धरून आपल्या होड्यांतून खेळणाऱ्यांना लाटेपर्यंत नेत होते, आणि मावळतीला खजूर आमच्याही हातावर ठेवत होते.

आता हिशेब. दोघांचे विमानभाडे ७८,०००, व्हिसा ५,४००, राहणे २२,०००, जेवण २१,०००, रेल्वे, बोट व भाड्याची दुचाकी १४,०००, शिकवणी आणि फळ्यांचे भाडे १२,०००. एकूण १,५२,४०० रुपये. फेब्रुवारी २०२४ पासून बालीत परदेशी पाहुण्यावर माणशी दीड लाख रुपियांचा कर आहे. तेव्हाच्या भावाने ते आपले आठशे रुपये होतात, ते यात धरावेत. वायान यांनी खोलीचे दोन लाख रुपिया, म्हणजे हजारएक रुपये सांगितले होते. घासाघीस करायची आपली सवय मी तेथे वापरली नाही. त्यांनी पट्ट्यावर सही केली की नाही, हे मला कळलेले नाही. आता आपण प्रश्न विचारावेत.