पुस्तक घ्या, पण साल बघून

तायांनो, हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या.

मागच्या वर्षी आमच्या गटांमधल्या तिघींनी बीसी सखी व्हायचं ठरवलं. बीसी सखी म्हणजे गावातली बँकेची प्रतिनिधी. मशीनवर अंगठा घेऊन पैसे काढून द्यायचे, भरून घ्यायचे, विम्याची माहिती सांगायची. बँकांना असे प्रतिनिधी नेमायची परवानगी रिझर्व्ह बँकेने २००६ साली दिली. या कामासाठी परीक्षा असते. ती मुंबईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स, म्हणजे आयआयबीएफ, घेते. संस्था १९२८ सालची. बँकेतले साहेब लोकही तिच्याच परीक्षा देतात.

तिघींपैकी दोघी पास झाल्या, एक नापास. आणि नापास झाली ती सगळ्यात जास्त अभ्यास करणारी. पोरं झोपली की ती वाचायला बसायची. परीक्षेची फी तिने गटातून कर्ज काढून भरली होती. पुढच्या बैठकीत एकीने विचारलंच, "आता हे पैसे वाया गेले म्हणायचे का?" ती काही बोलली नाही. घरी गेली, अभ्यासाची पिशवी घेऊन आली आणि सतरंजीवर रिकामी केली.

ते सगळं वाचल्यावर आम्हीच गप्प झालो. कारण त्यातलं निम्मं साहित्य आम्हीच तिला आणून दिलं होतं. तालुक्याच्या एका क्लासमधला झेरॉक्स प्रश्नसंच, मोबाइलवर आलेल्या पीडीएफच्या छापील प्रती, एक हिंदी पुस्तक. परीक्षा तिने मराठीतून दिली आणि वाचलं हिंदीतून. प्रश्नसंचावर साल कुठेच नव्हतं. आत लिहिलेलं, बँक बुडाली तर ठेवीला एक लाखापर्यंत विमा. अहो, तो ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झालाय! पास झालेल्या दोघींनी संस्थेचं मराठी पुस्तक दोघींत मिळून घेतलं होतं. एवढाच फरक.

म्हणून आता आम्ही कुणालाही परीक्षेला बसवताना ठरलेल्या क्रमाने जातो. तुम्हीही तसंच करा.

आधी अभ्यासक्रम बघा, मग पुस्तक. अभ्यासक्रमाचे चार भाग आहेत. सर्वसाधारण बँकिंग, आर्थिक समावेशन आणि प्रतिनिधीचं काम, तांत्रिक कौशल्यं, आणि लोकांशी बोलण्या-वागण्याची रीत. हे चार भाग एका कागदावर लिहा आणि पुस्तकाच्या अनुक्रमणिकेशी ताडून बघा. ज्यात नुसते प्रश्न आहेत, ते पुस्तक नव्हे.

दुसरं, संस्थेने याच परीक्षेसाठी नेमलेलं पुस्तक आहे. ते मराठीतही निघालंय. तेच मुख्य धरा. अर्ज भरताना जी भाषा निवडाल, त्याच भाषेत वाचा.

तिसरं, पहिली दोन पानं उलटून आवृत्तीचं साल बघा. साल नसेल तर तीन गोष्टी तपासा. ठेवीचा विमा पाच लाख लिहिलाय का? प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये लिहिलाय का? जीवनज्योतीचा ४३६ रुपये आहे का? १ जून २०२२ च्या आधी हे हप्ते १२ आणि ३३० होते. जुने आकडे दिसले की ते साहित्य बाजूला ठेवा, कितीही स्वस्त मिळत असलं तरी. आणि हे आकडेही पुढे बदलू शकतात, म्हणून परीक्षेआधी बँकेच्या शाखेत जाऊन एकदा विचारून घ्या.

चौथं, प्रश्नसंच शेवटी. पुस्तक एकदा पुरं वाचून झाल्यावर स्वतःला तपासायला. पर्यायी प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. पण नुसती उत्तरं पाठ केली की प्रश्न जरा फिरवून आला तरी गाडी अडते.

खर्चाचं म्हणाल तर एका पुस्तकात तिघी वाचू शकतात. एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने आपल्या पासबुकात ते कुठे दिसतं ते दाखवायचं. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक साक्षरतेच्या मराठी पुस्तिका फुकट मिळतात, त्याही जोडीला घ्या.

तायांनो, हे फक्त गुणांसाठी नाही. उद्या एखादी म्हातारी आजी आपल्यापुढे बसून विचारेल, "पोरी, माझे दोन लाख बँकेत आहेत, बुडायचे नाहीत ना?" जुन्या कागदावरचं उत्तर दिलं, तर ती घाबरून पैसे काढेल आणि पत्र्याच्या पेटीत ठेवेल. तिथून ते कुठे जातील, कोण सांगणार?

आमची ती मैत्रीण पुन्हा परीक्षेला बसतेय. या वेळची फी गटाने दिलीय, कर्ज म्हणून नाही. चूक आमचीही होती ना. पुस्तक नवं आहे, साल आम्ही स्वतः बघितलंय.

तुमच्या गटात कुणी तयारी करत असेल, तर येत्या बैठकीत तिची पिशवी उघडायला सांगा आणि सगळ्या मिळून सालं बघा. नमस्कार.