पांढऱ्या वाघाचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, अशी म्हण आहे. पिंजऱ्यात जन्मलेल्या वाघाचे कूळ मात्र विचारल्यावाचून गत्यंतर नाही. इंदूरच्या कमला नेहरू प्राणिसंग्रहालयात पांढऱ्या वाघापुढे गर्दी लोटते. ही वाघाची निराळी जातच असावी, अशी त्या गर्दीतल्या पुष्कळांची समजूत असते. ती जात नव्हे, केवळ रंग होय. आणि रंगावरून आजोबा ओळखता येत नाहीत.

या रंगाची प्रसिद्ध कुळकथा मध्य प्रदेशातलीच आहे. 1951 च्या मे महिन्यात रीव्याचे महाराज मार्तंडसिंह यांनी एक पांढरा बछडा जिवंत पकडला आणि गोविंदगडच्या वाड्यात ठेवला. तो मोहन. बेगम नावाच्या वाघिणीपासून त्याला झालेली सारी पिल्ले पिवळीच निपजली. त्यांतलीच राधा, म्हणजे मोहनची पोटची मुलगी, पुढे त्याच्याशी जोडण्यात आली आणि 1958 साली तिला चार पांढरी पिल्ले झाली. हा रंग आई व बाप दोघांकडूनही यावा लागतो. एकाकडूनच आला तर पिढ्यान्‌पिढ्या दडून राहतो. त्या चौघांपैकी मोहिनी 1960 साली वॉशिंग्टनला गेली. तेथे तिचा जोडीदार झाला सॅमसन. राधेचा भाऊ म्हणून तो मोहिनीचा मामा, आणि मोहनचा मुलगा म्हणून सावत्र भाऊ! हे नाते एकदा ऐकून ध्यानात येणे कठीण. पण ते सांगता तरी येते, कारण बाप्तिस्म्याच्या वहीत लिहावीत तशी आईबापांची नावे कोणीतरी लिहून ठेवली.

पुढे मात्र गुंता वाढला. अमेरिकेत 1972 साली जन्मलेल्या टोनी नावाच्या पांढऱ्या वाघात बंगाली आणि सैबेरियन असे दोन्ही वंश होते. तिकडच्या अनेक पांढऱ्या वाघांचा तो पूर्वज. सर्कशी आणि खासगी पिंजरे यांतून अशी संतती पसरली. कागद मागेच राहिले. इकडे ओडिशातील नंदनकानन येथे 1980 साली पिवळ्या आईबापांपोटी पांढरी पिल्ले जन्मली. त्यांचा मोहनशी संबंध नव्हता.

या रंगामागे एका जनुकातला एकच लहानसा बदल आहे, हे 2013 साली सिद्ध झाले. आता रक्ताच्या थेंबावरून बंगाली किती व सैबेरियन किती याचा अंदाज बांधता येतो. पणजोबाचे नाव तो थेंब सांगत नाही. दोन प्राणिसंग्रहालयांत वाघांची देवघेव ठरते तेव्हा येणारी वाघीण इथल्या वाघाची चुलत बहीण तर नव्हे ना, हे पाहण्यासाठी अजूनही आधी वहीच उघडावी लागते.