दुरुस्तीचा रकाना



अंतर्गत सजावटकारांच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. सुरतेत मराठी माणसाने अंतर्गत सजावटीचा व्यवसाय ज्यांच्या हिमतीवर उभा केला, त्या ज्येष्ठांना वंदन करतो. दोन दिवस राबणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांचं मनापासून कौतुक करतो.

संयोजकांनी मला गेल्या पंचवीस वर्षांचा आढावा घ्यायला सांगितलं आहे. तो थोडक्यात असा. आपण सुरुवात केली तेव्हा दुकानात कोटा किंवा मोझॅकची फरशी, सागाचा काउंटर आणि फार तर टेबलावर सनमायका असे. मग मोरबीची व्हिट्रिफाइड टाइल आली आणि तिने सगळी जमीन व्यापली. पाठोपाठ एमडीएफचे बोर्ड, अ‍ॅल्युमिनियमची एसीपी पॅनेलं, आणि आता पीव्हीसीचे लूव्हर, चारकोल पॅनेल, संगमरवराचं चित्र छापलेल्या शीट. शेड कार्डं जाड होत गेली, कामं झटपट होऊ लागली, गिऱ्हाईक खूश झालं. आढावा मी इथेच थांबवतो. अनेक वर्षं मनात साठलेलं एक गाऱ्हाणं आज या व्यासपीठावरून मांडायचं आहे, आणि वेळ मर्यादित आहे.

माझं गाऱ्हाणं असं आहे की आपण वस्तू निवडताना ती कशी दिसेल, काय दराने पडेल, किती दिवसांत बसेल, हे सगळं विचारतो. ती बिघडली तर कोण आणि कशी दुरुस्त करेल, हे विचारत नाही. आपल्या अंदाजपत्रकात त्यासाठी ओळ नाही, करारात कलम नाही. हरित इमारतींच्या मानांकनांत पुनर्वापर केलेल्या घटकांना गुण आहेत, जवळपासच्या मालाला आहेत, कमी व्हीओसीच्या, म्हणजे हवेत रसायनांची वाफ कमी सोडणाऱ्या, रंगांना आहेत. ते चांगलंच आहे. पण दुरुस्त होण्याच्या गुणाला तिथे मिळणारं महत्त्व मला फार तोकडं वाटतं. ज्या दुकानाचं आतलं सगळं दर सहा वर्षांनी उखडून ट्रॅक्टरमध्ये भरलं जातं, त्याला पर्यावरणपूरक म्हणायला माझं मन तयार होत नाही.

ऑगस्ट 2006 आठवा. इथल्या निम्म्या लोकांनी तापीचा तो पूर पाहिला आहे. उकाई धरणातून सुमारे 9 लाख क्युसेक पाणी सुटलं आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. पाणी ओसरल्यावर मी नानपुऱ्यातल्या एका इमारतीत गेलो. तळमजल्यावर शेजारी शेजारी दोन गाळे. पहिल्यात पार्टिकल बोर्डाचं फर्निचर होतं. वरची सनमायका जशीच्या तशी चकचकीत, आणि आतला भुसा फुगून कडेने बाहेर आलेला. बोटाने दाबलं तर बोट आत जात होतं. ते सगळं फावड्याने काढावं लागलं. त्या आठवड्यात रस्त्याच्या दोन्ही कडांना अशाच फुगलेल्या फर्निचरचे ढीग होते.

दुसऱ्या गाळ्यात कोटा आणि सागाचा काउंटर. फरशीवरचा गाळ आम्ही तो वाळायच्या आत पाण्याने काढला. तापीच्या गाळात बारीक वाळू असते. वाळल्यावर घासला तर चरे पडतात. काउंटरची दारं बिजागऱ्यांतून सोडवून सावलीत उभी केली. उन्हात टाकली असती तर फाकली असती. भरपूर दिवस वाळू दिली. मग काचकागद, मग लांबी, मग चपड्याचं पॉलिश. फरशीवर मशीन फिरवलं. एका पायाचं लाकूड खालून कुजलं होतं, तेवढं कापून वीतभर नवा साग जोडला. तो जोड आजही दिसतो आणि काउंटर आजही धंद्यात आहे. मी प्लायचा शत्रू नाही. आयएस 710 या मानकाचा अस्सल मरीन प्लाय त्या पाण्यातही काही ठिकाणी तगलेला मी पाहिला आहे. पण बाजारात शिक्का मरीनचा आणि आतला माल भलताच, हेही तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

काल दुपारच्या परिसंवादात दगड की टाइल यावर बरीच खडाजंगी झाली. टाइलच्या बाजूचे म्हणाले, डाग पडत नाही, पॉलिश लागत नाही, दगडापेक्षा स्वस्त पडते. बरंचसं खरं आहे. आता माझा अनुभव ऐका. एका रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात ऑक्सिजनचा सिलिंडर पडून तीन टाइल फुटल्या. डिझाइन बंद झालेलं. जुन्या साठ्यातल्या टाइल कुठून तरी मिळवल्या, तर शेड जुळेना, कारण बॅच वेगळी. शेवटी तीन टाइलपायी सगळी जमीन उखडली, तीही पेशंट बसलेले असताना. ग्लेझ्ड टाइलवर छपाईचा आणि ग्लेझचा थर नखाएवढाही जाड नसतो. तो झिजला की खालचा वेगळ्या रंगाचा गाभा उघडा पडतो आणि पॉलिश करायला काही उरत नाही. मोझॅकच्या टाइलला वरचा थर सहसा 5-6 मिलिमीटरचा असतो. एका घासाईत त्यातला अगदी थोडा जातो. म्हणजे ती जमीन मालकाच्या नातवापर्यंत पुन्हा पुन्हा नवी होऊ शकते. मुंबईत भारत टाइल्सने 1922 साली सिमेंटच्या टाइलचा उद्योग सुरू केला, आणि अशा टाइलच्या किती तरी जुन्या जमिनी आजही वापरात आहेत. कोट्याला आम्लाचं वावडं आहे, हे मान्य. चुनखडीचा दगड आहे तो, संडास धुण्याचं अ‍ॅसिड त्यावर ओतलं की चमक जाते. पण ती परत आणता येते, आणि ती आणणारा माणूस आपल्याच शहरात, उधन्यात, लिंबायतमध्ये राहतो. टाइलच घालायची असेल तर बंधूंनो, निदान जिच्या अंगभर एकच रंग आहे अशी घ्या, आणि पाच टक्के जास्तीच्या टाइल मालकाच्या माळ्यावर ठेवायला लावा. एवढं साधं काम आपण करत नाही.

सनमायकाचंही तसंच. एक मिलिमीटरची शीट. तिच्यात रंगाचा कागद वरचा एक, खाली रेझिनमध्ये भिजवलेले तपकिरी कागद. कापडाच्या दुकानात काउंटरची पुढची कड बघा. दिवसभर तिथे लोखंडी गज सरकतो, ताके आपटतात. वर्षभरात तिथे काळी रेघ दिसू लागते, मग टवका उडतो, मग एज बँड लोंबतो. त्या कडेला सागाची गोल पट्टी बसवली, तीही स्क्रूने, तर झिजल्यावर पट्टी बदलते, काउंटर राहतो. फेव्हिकॉलने सगळं कायमचं चिकटवून टाकायची आपल्याला जी सवय लागली आहे, तिने सुतारकामाचा अर्धा जीव घेतला.

यावर माझे तरुण मित्र म्हणतात, गिऱ्हाइकाला दर पाच वर्षांनी नवा लूक हवा असतो. रिंग रोडवरच्या एका साडीच्या व्यापाऱ्याने माझ्याकडे नेमका हाच हट्ट धरला होता. मी त्याचा सागाचा काउंटर रंध्याखाली घातला, गडद पॉलिश उतरवून फिकं केलं, दिवे बदलले, एक भिंत रंगवली. उद्घाटनाला आलेल्या लोकांना सगळं दुकान नवं वाटलं. आणि याच बाजारात आपल्या आधीच्या पिढीने गादीवर बसून धंदा केला आहे. गादीची खोळ धुतली जायची, कापूस दबला की पिंजारी यायचा, पिंजून पुन्हा भरायचा. त्याहून टिकाऊ दुकान मी पाहिलेलं नाही.

मग आपण हे का करत नाही? कारण आपली फी खर्चाच्या टक्केवारीवर आहे. वीस लाखांचं नवं काम केलं तर घर चालतं, साठ हजारांच्या दुरुस्तीत पेट्रोलही सुटत नाही. वर माल पुरवणाऱ्याकडून मिळणारं कमिशन. सगळ्यांना ठाऊक आहे, व्यासपीठावरून कोणी उच्चारत नाही, म्हणून मी उच्चारतो. ज्या वस्तूवर कमिशन जास्त ती वस्तू गिऱ्हाइकाच्या भिंतीवर जाते. हे जोवर चालू आहे तोवर पर्यावरणावरच्या आपल्या चर्चासत्रांना अर्थ नाही.

आणि उखडलेलं जातं कुठे? महापालिकेच्या कोसाडच्या राडारोडा प्रकल्पात काँक्रीट, विटा, फरशा दळल्या जातात. रेझिनमध्ये जखडलेला प्लाय, सनमायका, पीव्हीसी तिथे दळून चालत नाही. पुष्कळदा तर उखडतही नाहीत. जुन्या सनमायकावर नवी, तिच्यावर पीव्हीसी, असे थर चढवतात. अशा थरांचा प्रश्न नुसत्या कचऱ्याचा नाही. 24 मे 2019 रोजी सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडला लागलेल्या आगीत 22 विद्यार्थी गेले. त्या दुर्घटनेची कारणं अनेक होती, आणि वरच्या मजल्यावरचं ज्वलनशील साहित्य हे त्यांतलं एक होतं. आपण भिंतीला काय लावतो याचा हिशेब माणसांच्या जिवाशी आहे, हे आपल्या शहराला वेगळं सांगायला नको.

आता याच शहरात खजोदला डायमंड बोर्स हे हिरेव्यापाराचं संकुल उभं आहे. 17 डिसेंबर 2023 ला उद्घाटन झालं. चार हजारांहून अधिक कार्यालयं, आणि इमारतीच्या रचनेत गारव्याचा, उजेडाचा चांगला विचार आहे. पण प्रत्येक कार्यालयाच्या आत काय लागणार हे मालक ठरवतो, म्हणजे बहुतेक वेळा आपण ठरवतो. तिथली कार्यालयं टप्प्याटप्प्याने सुरू होत आहेत. आज आपण तिथे जे चिकटवू, ते 2032 मध्ये कोण उखडणार आहे आणि कुठे टाकणार आहे?

काही कामं आपण या वर्षात हाती घ्यावीत, असं मी म्हणतो. पॉलिशवाले, घासाईवाले, जुनं फर्निचर जोडणारे सुतार यांची शहरभराची एक यादी करायची आहे. त्यांचे दर एकत्र बसून ठरवायचे आहेत. बंद झालेल्या टाइलचा उरलेला साठा एकमेकांना कळावा यासाठीही काही करता येईल. तपशील कार्यकारिणीत बोलू. खानदेशातून आलेली आपली काही पोरं रंधा-पटाशीकडे वळली होती. त्यांची मुलं आज फक्त एज बँडिंगचं मशीन चालवतात, याचं मला फार वाईट वाटतं. चपड्याचं पॉलिश शिकवू शकतील असे दोन-तीन म्हातारे अजून हयात आहेत, तोवर या मुलांनी ते शिकायला हवं.

तोपर्यंत एक गोष्ट उद्याच करता येईल, तिला ठराव लागत नाही, पैसेही लागत नाहीत. आपल्या पुढच्या अंदाजपत्रकात दराच्या शेजारी एक रकाना वाढवा: ही वस्तू बिघडली तर कोण, किती पैशांत, किती दिवसांत दुरुस्त करेल. तो रकाना गिऱ्हाइकासमोर बसून भरा. ज्या वस्तूपुढे तो कोरा राहील, ती सुचवू नका, मग तिच्यावर कमिशन कितीही असो.